जास्त सापडला म्हणून दोषी? सोरायसिस आणि मायक्रो-आरएनए

गेल्या आठवड्यात एमएस्सीचा एक ज्युनिअर माझ्याकडे आला. पेटची तयारी चालू आहे त्याची. म्हणाला, "ताई, विषय फायनल झाला. सोरायसिसमधले मायक्रो-आरएनए." आणि लॅपटॉप उघडून एक टेबल दाखवलं. चाळीसेक नावं, काहींपुढे वर जाणारा लाल बाण, काहींपुढे खाली जाणारा हिरवा. मी विचारलं, यातून तुला काय कळलं? उत्तर तयार होतं : "जे वाढलेत ते रोग वाढवणारे, जे कमी झालेत ते आपल्याला वाचवणारे. वाढलेले बंद करायचे, कमी झालेले बाहेरून द्यायचे."

मला हसू आलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये जवळजवळ हेच वाक्य होतं, फक्त इंग्रजीत. आणि त्या वाक्यानं माझे बरेच महिने खाल्ले. म्हणून ही पोस्ट. तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल आणि असं एखादं बाणांचं टेबल तुमच्याही हाती आलं असेल, तर सिनॉप्सिस टाइप करायच्या आधी एवढं वाचा.

आधी रोगाबद्दल थोडक्यात. आपली बाह्यत्वचा बहुतांशी केराटिनोसाइट नावाच्या पेशींची बनलेली असते. तळाशी त्या जन्मतात, हळूहळू वर सरकतात, पक्व होतात, मरतात आणि कोंड्यासारख्या झडून जातात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. पेशी अर्धवट पिकलेल्या अवस्थेतच वर येतात, थरावर थर साचतात आणि चंदेरी खवले दिसायला लागतात. मागे घाई करणारं कोण, तर रोगप्रतिकारशक्ती. टी-पेशी आयएल-१७ सारखे रेणू सोडतात, त्यानं केराटिनोसाइट चेकाळतात, त्या स्वतः रसायनं सोडून न्यूट्रोफिल बोलावून घेतात आणि चक्र फिरत राहतं. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये हा आजार ०.४४ ते २.८ टक्के लोकांमध्ये आढळला आहे. तो संसर्गजन्य नाही, स्पर्शानं होत नाही.

हे शेवटचं वाक्य पुस्तकात एका ओळीत संपतं. माझ्या मावशीच्या आयुष्यात ते संपत नाही. ती कागलजवळच्या एका गावात असते, पंधरा वर्षांपासून कोपर, गुडघे आणि हातांवर चट्टे आहेत. एकदा मी तिच्यासोबत महाद्वार रोडला बांगड्या भरायला गेले होते. बांगड्या भरणाऱ्यानं तिचा हात बघितला आणि म्हणाला, "ताई, घरी न्या, तुमच्या तुम्हीच भरा." मावशीनं पैसे दिले, बांगड्या पिशवीत घातल्या आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. सोरायसिस हा विषय मी त्या दिवशी निवडला असं म्हटलं तर जरा फिल्मी होईल, पण खोटं होणार नाही.

आता मायक्रो-आरएनए. आपल्या भागातल्या मुलांना समजायला ऊसतोडीचं उदाहरण सगळ्यात सोपं. कारखान्याच्या गट ऑफिसमधून तोडीची चिठ्ठी निघते. चिठ्ठी आल्याशिवाय टोळी फडात उतरत नाही. पेशीत केंद्रक म्हणजे ते ऑफिस, संदेशवाहक आरएनए म्हणजे चिठ्ठी, रायबोसोम म्हणजे टोळी, आणि तोडून आलेला ऊस म्हणजे प्रथिन. आता समजा त्याच ऑफिसमधून एक बारकी चिटोरी निघाली आणि वाटेत मूळ चिठ्ठीला टाचली गेली : 'सध्या थांबा.' टोळी थांबते. कधी मूळ चिठ्ठी बाजूला पडून राहते, कधी फाडूनच टाकली जाते. ही चिटोरी म्हणजे मायक्रो-आरएनए. लांबी साधारण २२ अक्षरं, बस्स.

तिची घडण मात्र बरीच लांबलचक. केंद्रकात आधी एक मोठा, स्वतःवरच दुमडलेला आरएनए तयार होतो. ड्रोशा नावाचं विकर त्याचे लोंबते भाग कापतं. उरलेली केसपिनेसारखी रचना एक्स्पोर्टिन-५ केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर तिचा वळणाचा भाग उडवतं. उरलेल्या जोडीतली एक बाजू अर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसते आणि मग ती जोडी चिठ्ठ्या शोधत फिरते. शोधताना सगळी २२ अक्षरं जुळावी लागत नाहीत. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं, ज्याला 'बीज' म्हणतात, ती जुळली की बहुतेक वेळा काम होतं. हे बीज लक्षात ठेवा, पुढे त्यानंच गोंधळ होतो.

याचा शोध १९९३ चा. व्हिक्टर अँब्रॉस यांच्या प्रयोगशाळेत रोझालिंड ली आणि सहकाऱ्यांना एका मिलीमीटरभर लांबीच्या कृमीत लिन-४ नावाचं जनुक सापडलं. ते कुठलंच प्रथिन बनवत नव्हतं, बनवत होतं एक तोकडा आरएनए. गॅरी रुव्हकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. दोघांचे क्रम शेजारी ठेवल्यावर ते एकमेकांना जुळतात हे लक्षात आलं. पुढची सात वर्षं बहुतेकांना वाटलं, कृमीची काहीतरी गंमत असेल. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ सापडला, तो माणसातही निघाला, आणि मग झुंबड उडाली. या दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. त्या ऑक्टोबरात आमच्याकडे अचानक सगळ्यांना मायक्रो-आरएनएवर पीएचडी करायची होती! माझा ज्युनिअर त्याच लाटेतला.

बोलताना आम्ही यांना 'मिर' म्हणतो. मिर-२१, मिर-२०३, असं.

सोरायसिसमध्ये मिर पहिल्यांदा व्यवस्थित मोजले गेले ते २००७ मध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत. एनिको सोन्कोली आणि सहकाऱ्यांचा तो पेपर प्लॉस वनमध्ये आहे, फुकट वाचता येतो, आणि तुम्ही तो वाचलाच पाहिजे. नुसता सारांश नको, आकृत्यांसकट. त्यांनी सोरायसिसची त्वचा, निरोगी त्वचा आणि ॲटोपिक एक्झिमा या दुसऱ्या दाहक त्वचारोगाची त्वचा अशी तुलना केली. मिर-२०३ सोरायसिसमध्ये वाढलेला दिसला. मग त्यांनी २१ अवयव आणि ऊती तपासल्या तेव्हा तो जवळजवळ फक्त त्वचेत सापडला, आणि त्वचेतही फक्त केराटिनोसाइटमध्ये. त्याच चट्ट्यांत सॉक्स-३ हे प्रथिन कमी झालं होतं. सॉक्स-३ हा दाहाच्या संदेशांचा ब्रेक. त्याच्या चिठ्ठीवर मिर-२०३ चं बीज जुळतं. म्हणजे गोष्ट सरळ दिसते : मिर-२०३ वाढला, ब्रेक निकामी झाला, दाह भडकला.

टेबलात मिर-२०३ पुढे लाल बाण इथून आला.

आता पुढचं वर्ष. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या एलेन फुक्स यांच्या गटानं नेचरमध्ये पेपर छापला. उंदराच्या त्वचेत मिर-२०३ काय करतो हे त्यांनी पाहिलं. तो तळाच्या, विभाजन पावणाऱ्या पेशींमध्ये फारसा नसतो. पेशी वर सरकायला लागल्या की तो वाढतो, पी-६३ या प्रथिनाला दाबतो आणि पेशीला सांगतो : आता विभाजन पुरे, पक्व हो.

थांबा आणि दोन्ही पेपर शेजारी ठेवा. सोरायसिसमध्ये पेशी भरमसाट विभाजित होतात आणि अर्धवट पिकतात. मिर-२०३ चं काम विभाजन थांबवून पेशी पिकवणं. मग तो सोरायसिसमध्ये वाढलेला कसा? तो कमी व्हायला हवा होता की!

यातला कुठलाच पेपर चुकीचा नाही. चूक आपल्या वाचण्यात आहे. एका मिरला एकच काम असतं आणि 'वाढला' याचा अर्थ एकच असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकच मिर शेकडो चिठ्ठ्यांना चिकटू शकतो. कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, कुठली चिठ्ठी हजर आहे यावर परिणाम ठरतो. चट्ट्यातला मिर-२०३ सॉक्स-३ ला दाबून दाहाला हातभार लावत असेल, किंवा बेफाम पेशींना आवरायचा प्रयत्न करत असेल, किंवा दोन्ही. पातळी मोजून यातलं काय खरं ते कळत नाही. कॅरोलिन्स्काच्या मंडळींना हे माहीत होतं. त्या पेपरच्या शीर्षकाच्या शेवटी चक्क प्रश्नचिन्ह आहे. टेबल कॉपी करताना आपण ते प्रश्नचिन्ह तेवढं गाळतो.

आणि याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, ज्यावर मी स्वतः आपटले. वाढला म्हणजे पेशीत वाढला, की नुसत्या पेशीच वाढल्या?

हिशोब करून बघा. आकडे मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. ४ मिलीमीटरची पंच बायोप्सी घेतली. निरोगी त्वचेत वरचा थर पातळ, त्यामुळे समजा एकूण आरएनएपैकी २० टक्के केराटिनोसाइटचा. चट्ट्यात तो थर जाड, समजा ६० टक्के. आता असा मिर घ्या जो फक्त केराटिनोसाइटमध्ये असतो आणि प्रत्येक पेशीमागे दोन्हीकडे अगदी सारखा आहे. काहीच बदललेलं नाही. तरी तुमच्या क्यूपीसीआरवर तो चट्ट्यात तिप्पट दिसणार. सीटीमध्ये जवळपास १.६ चा फरक. पी-व्हॅल्यू झकास येणार. लाल बाण तयार! हीच गंमत दाहाच्या पेशींचीही. मिर-२२३ हा न्यूट्रोफिलच्या घराण्यातल्या पेशींत भरपूर असतो. चट्ट्यात न्यूट्रोफिल शिरले की तो वाढलेला दिसणारच. लग्नाच्या मांडवात चपला जास्त दिसल्या म्हणून गावातल्या प्रत्येकानं नवीन जोड घेतला असं कोणी म्हणत नाही.

म्हणूनच २००७ च्या पेपरमध्ये एक्झिमाची त्वचा होती. एक्झिमातही वरचा थर जाड होतो, दाह असतो. मिर-२१ दोन्ही रोगांत वाढलेला निघाला, पण मिर-२०३ ची वाढ सोरायसिसपुरती राहिली. म्हणजे नुसत्या जाडीनं सगळं उत्तर मिळत नाही, एवढं तरी त्या तुलनेनं सांगितलं. निरोगी विरुद्ध रोगी ही तुलना कुणीही करतं. दुसऱ्या, सारख्या दिसणाऱ्या रोगाशी तुलना करायचं सुचणं, त्यात डोकं लागतं. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या लोव्हनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी लेझरनं बाह्यत्वचा आणि खालचा दाहाचा भाग वेगळे कापून काढले आणि दोन्हींतले मिर स्वतंत्रपणे वाचले. लेझर मायक्रोडिसेक्शनचं यंत्र आपल्याकडे हाताशी नसतं हे खरं. पण डिस्पेज विकरानं बाह्यत्वचा सोलून वेगळी करता येते, आणि तेही जमत नसेल तर त्याच बायोप्सीची एक पट्टी रंगवून जाडी तरी मोजता येते.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहात प्लेट लावली. चट्ट्यांचे नमुने होते, निरोगी नमुने होते. बार ग्राफ सुंदर आला. विभागातल्या सेमिनारमध्ये स्लाइड लावली आणि मागच्या रांगेतून एका बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "ही निरोगी त्वचा शरीराच्या कुठल्या भागातली?" शस्त्रक्रियेत उरलेली, पोटावरची. "आणि चट्टे?" कोपरावरचे. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. गरज नव्हती. कोपराची कातडी आणि पोटाची कातडी मुळातच वेगळी, जाडीला, घासण्याला, उन्हाला. मी सोरायसिस मोजला होता की कोपर, हे मलाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी गाइड एवढंच म्हणाले, "ग्राफ जपून ठेव. दरवर्षी नवीन मुलांना दाखवू." आणि खरंच दाखवतात!

तर आता चट्टा आणि त्याच रुग्णाची, त्याच भागातली, चट्टा नसलेली त्वचा अशी जोडी घेते. नमुने निम्मे झाले, झोप पूर्ण होते.

मग एखादा मिर खरंच दोषी आहे हे ठरवायचं कसं? पोलिसी भाषेत सांगायचं तर नुसतं घटनास्थळी सापडून चालत नाही. त्याला तिथून काढून बघायचं, रोग हलतो का? याचं मला आवडणारं उदाहरण मिर-२१ चं. २०१४ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्रातल्या एर्विन वॅग्नर यांच्या गटानं सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये ते छापलं. सोरायसिसमध्ये बरेच मिर वाढलेले सापडलेत, पण त्यांनी रोग होतो हे कोणी दाखवलेलं नाही, अशीच त्यांची सुरुवात आहे. मग एकेक कडी. बाह्यत्वचेत मिर-२१ वाढतो. तो टिम्प-३ ला दाबतो. टिम्प-३ हा टेस नावाच्या विकराचा लगाम. लगाम सुटला की टेस टीएनएफ-अल्फा हा दाहाचा रेणू मोकळा करतं. शेवटी त्यांनी सोरायसिसच्या रुग्णांची त्वचा उंदरांवर रोपण केली आणि मिर-२१ ला चिकटून त्याला निकामी करणारा कृत्रिम रेणू दिला. रोगाची लक्षणं ओसरली. आता मिर-२१ पुढच्या लाल बाणाला वजन आलं. तोच बाण, तोच रंग, पण आधी ती बातमी होती, आता तो पुरावा आहे.

आणि याच्या उलटी गोष्ट मिर-१४६ए ची. हाही चट्ट्यात वाढलेला. माझ्या ज्युनिअरच्या नियमानं हाही गुन्हेगार, हाही बंद करायचा. पण २००६ मध्येच डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं होतं की दाहाचा संदेश आला की मिर-१४६ए वाढतो, आणि तो दाबतो कुणाला, तर त्याच संदेशाला पुढे नेणाऱ्या ट्राफ-६ आणि आयरॅक-१ या प्रथिनांना. म्हणजे आग लागली की निघणारा बंब. २०१७ मध्ये कॅरोलिन्स्काच्याच गटानं मिर-१४६ए नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर इमिक्विमॉडचं मलम लावून सोरायसिससारखा दाह उठवला. तो लवकर सुरू झाला आणि जास्त भडकला. त्वचा जास्त जाड झाली, न्यूट्रोफिल जास्त आले. आग जिथे मोठी, तिथे बंब जास्त दिसणार. बंब मोजून कोणी 'बंबांमुळे आगी लागतात' असा निष्कर्ष काढला तर? टेबलातल्या बाणावर विसंबून हा मिर बंद करायचं औषध कोणी केलं असतं, तर रुग्णाचा आजार आणखी पेटला असता. माझ्या मावशीचा.

म्हणून दोन बाण सारखे दिसतात तेव्हा सावध व्हा. मिर-२१ आणि मिर-१४६ए, दोघांपुढे लाल. एक काढला तर रोग ओसरतो, दुसरा काढला तर भडकतो.

आपल्या देशातलं एक काम इथे मुद्दाम सांगते, कारण त्यात एक जुनी ओळखीची वनस्पती येते. बावची. आयुर्वेदात त्वचेच्या विकारांसाठी तिच्या बिया पूर्वापार वापरात आहेत. तिच्यात सोरालेन असतं, आणि या रसायनांच्या कुळाला नावच तिच्या शास्त्रीय नावावरून मिळालं. सोरालेन कुळातलं औषध आणि त्यावर यूव्हीए प्रकाश, मिळून 'पूव्हा' उपचार, १९७४ पासून सोरायसिससाठी वापरात आला. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीमधल्या नीरू सैनी यांच्या गटानं २०१४ मध्ये विचारलं, पूव्हा दिल्यावर केराटिनोसाइटमधल्या मिरचं काय होतं? त्यांना मिर-४५१६ सापडला. तो स्टॅट-३ आणि इतर प्रथिनांना दाबतो आणि पेशी मरणाकडे वळतात. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की सोरायसिसच्या त्वचेत हाच मिर कमी झालेला असतो. इथे मला भावतं ते प्रश्न विचारण्याचं टोक. रोगात काय बदललं इथून सुरुवात न करता, उपचारानं काय बदलतं इथून सुरुवात. (आणि हो, हे वाचून कोणी बावचीचं तेल चोळून उन्हात बसू नका. सोरालेन लावून ऊन घेतलं तर कातडी भाजते. पूव्हामध्ये प्रकाशाची मात्रा मोजून देतात ती यासाठीच.)

आता तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आमच्याकडे उंदीर नाहीत, लेझर नाही, आम्ही संगणकावर लक्ष्यं शोधतो. जरूर शोधा, पण बीजाचं गणित आधी करा. चार अक्षरांच्या लिपीत सहा अक्षरांचा ठरावीक तुकडा नुसत्या योगायोगानं ४,०९६ अक्षरांत एकदा येतो. माणसात सुमारे २०,००० प्रथिन बनवणारी जनुकं, प्रत्येक चिठ्ठीची शेपटी समजा हजार अक्षरांची. म्हणजे दोन कोटी अक्षरं. भागाकार केला तर जवळपास ४,९०० ठिकाणी तुमच्या मिरचं सहा अक्षरी बीज निव्वळ नशिबानं जुळणार. सात अक्षरं धरली तरी बाराशे. टार्गेटस्कॅनसारखी साधनं उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या जागा निवडून हा ढीग कमी करतात, पण यादीत नाव आलं म्हणजे लक्ष्य सिद्ध झालं असं नाही. त्या चिठ्ठीची शेपटी ल्युसिफरेजला जोडा, बीजाची जागा बिघडवून पुन्हा मोजा, आणि प्रथिन खरंच कमी होतं का ते बघा. आणि फार मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नका. २००८ मध्ये दोन गटांनी हजारो प्रथिनं एकदम मोजून पाहिली, तेव्हा बहुतेक प्रथिनं एका मिरमुळे निम्म्यानंही कमी होत नाहीत असं दिसलं. मिर हा नळ बंद करत नाही, चावी थोडीशी फिरवतो.

नमुन्यांबद्दल मात्र आपल्यासारख्यांना एक मोठी सोय आहे. मिर आखूड असल्यामुळे टिकाऊ असतात. पॅथॉलॉजी विभागात मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या बायोप्सीत लांब आरएनएचे तुकडे होतात, पण मिर बऱ्यापैकी शाबूत राहतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटानं २०१३ मध्ये मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा गाठींचे प्रकार ओळखायची चाचणी याच जोरावर केली, मेणातल्या ठोकळ्यांवर, साध्या क्यूपीसीआर यंत्रावर. महाराष्ट्रात बसून, हाताशी असलेल्या साधनांनी काय होऊ शकतं याचं हे उदाहरण मी जवळ ठेवते. ज्यांच्याकडे उणे ८० अंशांचा फ्रीझर आहे आणि जुलैत वीज जाते, त्यांना मेणाचा ठोकळा काय चीज आहे ते कळेल. फक्त ठोकळा जुना असला तरी माणसाचा आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. उरलेल्या, ओळख काढून टाकलेल्या नमुन्यांसाठी संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती समितीनं द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून ठेवा.

रक्तातले मिर हा दुसरा आवडता विषय, बायोप्सी नको म्हणून. त्यात खड्डा असा की लाल पेशींमध्ये मिर-४५१ आणि मिर-१६ गच्च भरलेले असतात. तालुक्याच्या ठिकाणाहून एसटीनं आलेली नळी वाटेत हिंदकळली, चार लाल पेशी फुटल्या, की तुमच्या प्लाझ्मात हे दोघे वाढलेले दिसणार. मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या सीटीतला फरक बघा. तो सातच्या वर गेला तर नमुना बाजूला ठेवा. आणि कृपा करून मिर-१६ लाच संदर्भ म्हणून धरू नका. मी असे प्रबंध पाहिलेत.

मावशी मधूनमधून विचारते, "तुझ्या त्या चिठ्ठ्यांचं औषध कधी येणार?" तिला खोटं सांगवत नाही. मिरवर थेट बेतलेलं एकही औषध सोरायसिससाठी बाजारात आलेलं नाही. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल असलेलं औषध माणसांवर तपासलं जात होतं. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम दिसले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एका मिरला शेकडो लक्ष्यं, मग रक्तातून सगळ्या शरीरभर दिल्यावर तो कुठे काय करेल? त्वचेला एक फायदा आहे, मलम थेट जागेवर लावता येतं. पण खवल्यांचा जाड थर पार करून इतका मोठा, विद्युतभारित रेणू आत पोचवणं हे अजून सोपं झालेलं नाही. मी हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे अजून तुमचंच ठरंना, कोण चोर आणि कोण पोलीस."

ज्युनिअरला मी त्याचं टेबल परत दिलं. बाणांच्या पुढे तीन रकाने वाढवायला सांगितले : कुठल्या पेशीत मोजला, तुलना कशाशी केली, काढून टाकल्यावर काय झालं. काल रात्री त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. चाळीसपैकी तिसरा रकाना भरलेली फक्त सहा नावं. खाली लिहिलंय, "ताई, बाकीच्यांवर कोणी कामच केलं नाही की मला सापडलं नाही?"

उद्या दुपारी तो खर्डेकर ग्रंथालयात येतोय. बघू.